तरुणांचे बाप्तिस्मे : आनंद नेमका कुणाचा, कशाचा?

निळी छत्री

जय ख्रिस्त!

तरुण संघात काम करणाऱ्यांना वर्षातला आवडता दिवस विचारला तर नाताळ म्हणणारे थोडे निघतात, बाप्तिस्म्याचा दिवस म्हणणारे जास्त. मीही त्यातलीच. पण या आनंदाबद्दल आपण बोलतो ते फोटोपुरतं. ओले केस, टाळ्या, गाणं, पहिल्या रांगेत डोळे पुसणारी आजी. हे सगळं मला आवडतं, त्यावर काट मारायची नाही. धागा काढलाय तो त्या दिवसाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गोष्टींसाठी.

मला विचाराल तर खरी मजा तयारीच्या वर्गात येते. सुरुवातीला पोरं आपल्याला हवी तीच उत्तरं देतात. येशू माझा तारणारा, मी पापी होतो, आता नवा जन्म झाला. सगळं बरोबर आणि सगळं संडे स्कूलपासून पाठ. मग एक दिवस कुणीतरी घसा खाकरून विचारतं, "मला प्रार्थनेत काहीच वाटत नाही. तरी मी बाप्तिस्मा घेऊ शकतो का?" तिथून वर्ग सुरू होतो. दुसरी म्हणते, "परत तेच पाप झालं तर बाप्तिस्मा फुकट जातो का?" तिसऱ्याला कॉलेजातल्या मित्राची काळजी असते. तो कधी चर्चमध्ये पाऊल टाकत नाही, पण वागायला ह्याच्यापेक्षा भला आहे. पंधरा-सोळाचं पोर हे सगळं मोठ्यांसमोर न कचरता विचारतं, तेव्हा मला अर्धा बाप्तिस्मा तिथेच झाल्यासारखा वाटतो. (आमच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना हे वाक्य कृपया दाखवू नका.)

प्रेषितांच्या कृत्यांतला आठवा अध्याय काढून बघा. कूशी अधिकारी रथात बसून यशया वाचतोय. फिलिप त्याला विचारतो, वाचताय ते समजतंय का? सगळी गोष्ट प्रश्नोत्तरांतून पुढे जाते. पाणी दिसल्यावर रथ थांबवायला तो अधिकारी सांगतो, फिलिप नाही. नंतर फिलिप तिथून नाहीसा होतो आणि अधिकारी आनंद करत आपल्या वाटेने जातो. आनंद कुणाला झाला ते हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने स्वच्छ लिहून ठेवलंय. आपण सेवक मंडळी मात्र तो आपल्या खात्यात जमा करतो की काय, अशी मला अलीकडे शंका येते.

तुमच्याकडे कसं होतं ते लिहा. वाद चालेल, पंथावरून हाणामारी नको.

गिटारवाला

वाचतोय. आम्हा वादकांचा आनंद एवढाच, की डोकं पाण्याबाहेर यायला आणि कोरसची पहिली ओळ सुरू व्हायला एकच गाठ पडावी. दर वेळी कुणीतरी ठरल्यापेक्षा आधी वर येतं.

काठावरचा

धागा चांगला आहे, पण थोडं विरजण घालतो.

शिबिराची शेवटची रात्र सगळ्यांनी पाहिली असेल. तीन दिवसांची अपुरी झोप, मंद दिवे, तेच कडवं दहाव्यांदा, आणि वक्ता म्हणतो की उद्याचा दिवस कुणी पाहिलाय? एक उठतो, त्याच्या मागे त्याचा जिवलग मित्र, मग सगळी रांग. सकाळी तलावावर बाप्तिस्मे. घरी आई-बापांना फोटोतूनच कळतं. त्या रांगेतल्या किती जणांनी देवाला हो म्हटलं आणि किती जणांनी मित्राला, हे कुणी सांगू शकेल का? आनंद होतो यात वाद नाही. पण चौदा वर्षांच्या मुलाला एका रात्रीत कशालाही तयार करता येतं, आणि हे ठाऊक असलेल्या मोठ्या माणसांच्या आनंदाचा मला धसका वाटतो.

पाऊलखुणा

@काठावरचा, मी अशाच एका रांगेतून उठलो होतो. आमच्या तरुण संघाच्या दादांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, मस्त, घरी जाऊ, आई-बाबांशी बोल, वर्गाला ये, पाणी कुठे पळून जात नाहीये. तेव्हा फार राग आला होता. बाप्तिस्मा झाला तो बऱ्याच महिन्यांनी. पाण्यात एका बाजूला पाळक आणि दुसऱ्या बाजूला बाबा उभे होते. बाबांची आणि माझी तेव्हा धड बोलचालही नव्हती. वर्गात क्षमेवर बोलणं निघालं म्हणून मी त्यांच्याशी बोलायला गेलो होतो, आणि त्यातून ते पाण्यात आले. शिबिरातच उरकला असता तर ते किनाऱ्यावरसुद्धा नसते.

काठावरचा

तुमचे दादा शहाणे होते. सगळीकडे तसे नसतात, म्हणून लिहिलं.

जुनी वही

थांबण्यावरून आठवलं. घाई की सबुरी हा वाद मंडळीइतकाच जुना आहे आणि दोन्ही बाजूंना पुरावा सापडतो. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने आणि त्याच्या घरच्यांनी त्याच रात्री, त्याच घटकेला बाप्तिस्मा घेतला (कृत्ये १६). उलट 'अपोस्टॉलिक ट्रॅडिशन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन नियमपुस्तकात उमेदवाराने तीन वर्षं शिकावं असं आहे. मात्र जो मनापासून झटतो त्याचे दिवस मोजू नका, वागणूक बघा, असंही लगेच पुढे लिहिलंय. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या 'दिदाखे' या नियमपुस्तिकेची सूचना मला सगळ्यात आवडते. वाहतं पाणी असेल तर उत्तम, नसेल तर दुसरं. थंड जमत नसेल तर कोमट. तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. पाण्याच्या बाबतीत इतकी सवलत देणारं हे पुस्तक उपासाच्या बाबतीत कडक आहे. घेणाऱ्याने एक-दोन दिवस आधी उपास करायचा, आणि देणाऱ्यानेही. तरुण संघाच्या नेत्यांनी मुलांबरोबर उपास केला तर आनंद कुणाचा हा प्रश्न जरा सुटेल.

तरुणांच्या बाप्तिस्म्याची माझी सगळ्यात लाडकी गोष्ट ३८७ सालची. इस्टरच्या रात्री मिलान शहरात बिशप अँब्रोज यांनी पुढे मोठा धर्मपंडित झालेल्या ऑगस्टिनला बाप्तिस्मा दिला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याच वेळी ऑगस्टिनचा मुलगा अदेओदातुस आणि मित्र अलिपियुस यांचाही झाला, हे सहसा सांगितलं जात नाही. बाप ३२ वर्षांचा, मुलगा पंधराच्या आसपास. लग्नाशिवाय झालेला मुलगा, आणि त्याच्या बुद्धीची आपल्याला धास्ती वाटायची असं बापाने लिहून ठेवलंय. बाप आणि मुलगा एकाच रात्री, एकाच पाण्यात. त्या अष्टकोनी बाप्तिस्मागृहाचे अवशेष आजच्या कॅथेड्रलखाली बघायला मिळतात. मुलगा नंतर लवकरच वारला. ऑगस्टिनने पुढे लिहिलंय की त्याच्याबद्दल आपल्याला कसलीही भीती उरली नाही.

दुसरी जोडी १८०० सालची. २८ डिसेंबरला सेरामपूरला हुगळी नदीत मिशनरी विल्यम केरी यांनी कृष्ण पाल या सुताराला बाप्तिस्मा दिला. केरींच्या कामातला हा पहिला बंगाली विश्वासणारा, म्हणून ती तारीख सगळे सांगतात. पण त्या दिवशी पाण्यात आणखी एक जण उतरला होता, केरींचाच मुलगा फेलिक्स. वय चौदा-पंधराच्या आसपास. मिशनऱ्याच्या घरात वाढलेल्या पोराला विश्वास आपोआप मिळत नाही, हे त्या घराला माहीत होतं.

एक आई

छान माहिती. माझा प्रश्न घरगुती आहे. मुलगी अकरा वर्षांची आहे. मोठ्या भावाचा बाप्तिस्मा पाहिल्यापासून तिने धोशा लावलाय. नवरा म्हणतो अजून लहान आहे. पाळक म्हणतात तुम्ही दोघं ठरवा. मला तिचं मन मोडायचं नाही आणि नुसतं भावाचं बघून केलेलंही नकोय. काय करू?

निळी छत्री

@एक आई, पवित्र शास्त्रात वयाचा आकडा कुठेही नाही, त्यामुळे कुणी छातीठोक वय सांगितलं तर ते त्यांच्या मंडळीचं धोरण आहे असं समजा. मी अशा मुलांना एकच काम देते. तुझ्या वर्गातल्या, चर्च कधी न पाहिलेल्या मैत्रिणीला बाप्तिस्मा म्हणजे काय ते सांग, आपले चर्चमधले शब्द न वापरता. अकरा वर्षांची काही मुलं हे इतकं सुरेख सांगतात की मला वही काढावी लागते. काहींना जमत नाही. मग त्यांना वर्गात बसू द्यायचं, तारीख ठरवायची नाही. 'नको' म्हणण्याऐवजी 'शिकायला सुरुवात कर' म्हटलं की मन मोडत नाही. आणि भावाचं बघून वाटलं म्हणून ते खोटं ठरत नाही हो. अंद्रियाने शिमोनाला आणलं ते भाऊ म्हणूनच.

नवरोबांनाही वर्गात एकदा बसवा.

मेणबत्ती

मी कॅथलिक आहे, धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे बहुतेकांचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्माच, तान्हेपणी होतो. त्यामुळे तुमच्या या दिवसाची जागा आमच्या तरुणांच्या बाबतीत दृढीकरणाला, म्हणजे तान्हेपणीचा विश्वास मोठेपणी पक्का करणाऱ्या संस्काराला, असते. तयारी, प्रश्न, आदल्या रात्रीची धाकधूक सगळं सारखंच. पण ज्यांचा लहानपणी झाला नाही अशी मुलंही येतात. आमच्या कायद्याप्रमाणे साधारण सातव्या वर्षापासून मूल समजत्या वयाचं धरतात, आणि त्यापुढे त्याच्या संस्काराला मोठ्यांचेच नियम लागतात, म्हणजे त्याची स्वतःची इच्छा आणि शिक्षण दोन्ही हवं. मग इस्टरच्या जागरणाला स्नानसंस्कार, दृढीकरण आणि पहिला ख्रिस्तप्रसाद एकाच रात्री मिळतो. अंधाऱ्या चर्चमध्ये पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून आपली छोटी मेणबत्ती पेटवणारी चौदा वर्षांची मुलगी बघितली की आमचेही डोळे भरतात. तान्हेपणी झालेल्यांना त्या रात्री जरा हेवाच वाटतो.

एक शंका. तुमच्या तरुण संघात आमच्यासारखा लहानपणी झालेला कुणी आला आणि मला मोठ्यांसारखा हवाय म्हणाला, तर काय करता? आम्ही तर दुसऱ्यांदा देत नाही, कुठल्याही पंथात रीतसर झालेला असला तरी.

काठावरचा

आली कळीची गोष्ट.

जुनी वही

@मेणबत्ती, इथे एकमत होणार नाही, पण दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत. १९८२ साली लिमा इथे वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसच्या आयोगाने बाप्तिस्म्यावर जो मसुदा मान्य केला, त्यात बाप्तिस्मा पुन्हा करायची गोष्ट नाही असं स्पष्ट म्हटलंय. बाप्टिस्ट आणि तत्सम मंडळ्यांचं म्हणणं असं, की आम्ही दुसऱ्यांदा देतच नाही, स्वतःच्या विश्वासाने घेतलेला हाच पहिला. १५२५ च्या जानेवारीत झुरिकला याच मुद्द्यावर काही तरुणांनी एकमेकांना बाप्तिस्मा दिला आणि दोन वर्षांत त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला लिम्मात नदीत बुडवून मारलं गेलं. तेही प्रॉटेस्टंट सुधारणावादी शहरात, सुधारणावाद्यांच्या हातून. त्या मानाने आपण इथे फारच सभ्यपणे भांडतोय.

निळी छत्री

आमची मंडळी विश्वासणाऱ्यांचाच बाप्तिस्मा देते, तर आमच्या पद्धतीने सांगते. असा कुणी आला की मी आधी त्याला घरी पाठवते. आईला विचार, तुझ्या वेळी काय झालं, कोण उभं होतं, काय प्रार्थना केली. त्याने परत येऊन सांगेपर्यंत पुढचं बोलत नाही. काही जण हे ऐकून आल्यावर म्हणतात, मला दुसरा नको, मला फक्त सगळ्यांसमोर हो म्हणायचंय. त्यांना साक्ष द्यायला उभं करतो, पाण्याशिवाय. काही जण ठाम राहतात, त्यांना पाळक देतात. पण आई-बापांनी केलं ते खोटं होतं असं साक्षीत कुणी म्हणायचं नाही, हा नियम पक्का आहे. तिसऱ्या रांगेत बसलेल्या आईचा चेहरा तेव्हा कुणी बघत नाही.

तळटीप

सगळे तत्त्वज्ञानात बुडालेत, म्हणून मी पाण्याचं बोलतो. बरीच वर्षं टाकीची व्यवस्था माझ्याकडे आहे.

सगळ्यात आधी वीज. वायरचा माइक पाण्यात उभ्या माणसाच्या हाताला लागता कामा नये. २००५ साली टेक्सासमधल्या वाको शहरात बाप्तिस्म्याच्या वेळी पाण्यात उभ्या असलेल्या पाळकांनी माइक धरला आणि विजेचा धक्का बसून ते गेले. तेहतीस वर्षांचे होते. बोलायचं ते काठावरून दुसऱ्याने बोलावं किंवा पाळकांनी मोठ्याने बोलावं. पाणी तापवायचा हीटरही कुणी पाण्यात उतरण्यापूर्वी प्लगमधून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

पोरं पाळकांपेक्षा उंच असतात, ही दुसरी अडचण. सहा फुटी पोराला सरळ मागे आडवं करायला गेलात तर दोघेही जाल. त्याला गुडघे वाकवायला सांगा. तो खाली बसत जातो आणि तुम्ही पाठीला आधार देता. त्याचे हात छातीशी, एका हाताने नाक, आणि तुमचा एक हात त्याच्या मनगटावर. कोरड्या जमिनीवर दोनदा सराव करून घ्या. सरावात भरपूर हसतात, हसू द्या, त्यातच भीती जाते. पाण्याची खरी भीती असलेलं कुणी ना कुणी असतंच, आणि ते आपणहून सांगत नाही. आधी सगळ्यांना एकेकटं विचारायचं. मग गुडघ्यावर बसून पुढे वाकणं, किंवा ओतणं, जे तुमच्या मंडळीला मान्य असेल ते. व्हीलचेअरवरच्या मुलासाठी दोघांऐवजी चौघं लागतात आणि उचलायचं कसं हे त्यालाच विचारायचं, त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

कपडे गडद आणि जाड, पांढरा हट्ट असेल तर आत गडद टीशर्ट. मुलींना बाहेर आल्याक्षणी टॉवेल, तोही बाईने द्यायचा. कपडे बदलायच्या खोलीत कुणीही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर नको. अठराच्या आतल्यांसाठी आई-वडिलांची लेखी संमती. तुमच्या इथला कायदा आणखी काय मागतो ते आधी विचारून घ्या. फोटो टाकायची संमती वेगळी घ्या, ती बाप्तिस्म्याच्या संमतीत धरू नका. साक्षीत मुलं घरातलं बोलून जातात, बापाचं पिणं, स्वतःला इजा करून घेणं. ते मंडळीपुढे बोलायचं की नाही हे आधी बसून ठरवावं, आणि ते इंटरनेटवर तर जाऊच नये.

अवांतर: टॉवेल नेहमी कमी पडतात.

गिटारवाला

माइकचं वाचून आमच्या साऊंडवाल्याला हा धागा पाठवला. तो म्हणतोय पुढच्या वेळी काठावरून वायरच नेणार नाही.

मेणबत्ती

@तळटीप, यात एक भर. शब्दही तपासून घ्या. आमच्याकडे कुणीतरी 'मी'च्या जागी 'आम्ही तुला बाप्तिस्मा देतो' असं म्हणायला सुरुवात केली होती, सगळ्या समाजाचा सहभाग दिसावा म्हणून. २०२० साली व्हॅटिकनने तसे संस्कार ग्राह्य नाहीत असं जाहीर केलं. हेतू चांगला होता, पण घेणाऱ्यांना नंतर मनस्ताप. समाजाचा सहभाग दाखवायला धर्ममातापिता आहेतच की.

पाऊलखुणा

मला 'नंतर'बद्दल लिहायचं होतं. बाप्तिस्म्यानंतरचा सोमवार कुणी सांगतच नाही. रविवारी सगळ्यांनी मिठ्या मारल्या, सोमवारी भौतिकशास्त्राचा पेपर, मंगळवारी भावावर हात उचलला. मला वाटलं, झालं, बिघडलं सगळं. तेव्हा त्याच दादांनी मत्तय काढून दाखवला. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी येशूचा बाप्तिस्मा, आकाशातून वाणी, आणि चौथ्याच्या पहिल्या ओळीत रान आणि मोह. मध्ये एक दिवसही नाही. म्हणाले, आता कुठे नेमक्या जागी आलास. तेव्हापासून मी लहानांच्या वर्गात मदत करतो आणि हे त्यांना आधीच सांगून ठेवतो.

काठावरचा

हे आवडलं. नंतर काय झालं याचा पत्ता ठेवणारी मंडळी मला पटते. किती जणांना बुडवलं हा आकडा वार्षिक अहवालात छापणारी पटत नाही. पौलाने करिंथकरांना लिहिलंय ना, क्रिस्प, गायस आणि स्तेफनाचं घराणं सोडून मी कुणाचा बाप्तिस्मा केला नाही म्हणून देवाचे आभार. आपल्या नावाने कुणी गट करू नये, ही काळजी. तरुण संघाच्या नेत्यांनी भिंतीवर लावायला हरकत नाही.

निळी छत्री

पत्ता ठेवण्याबद्दल शंभर टक्के सहमत. आम्ही प्रत्येकाला एक मोठा माणूस जोडून देतो, तरुण संघाबाहेरचा. कारण आमची पोरं अठराव्या वर्षी शिकायला किंवा नोकरीला बाहेर पडतात आणि संघाची ओळख तिथेच तुटते. साठ वर्षांच्या काकूंनी दर महिन्याला केलेला फोन तुटत नाही. योहानाच्या तिसऱ्या पत्रात तो म्हणतो की माझी मुलं सत्यात चालतात हे ऐकण्यासारखा दुसरा आनंद मला नाही. 'ऐकण्यासारखा' म्हणतो. म्हणजे मुलं लांब होती आणि कुणीतरी येऊन खबर देत होतं. माझ्यापुरतं आनंदाचं उत्तर या ओळीत आहे.

एक आई

सगळ्यांचे आभार. लेकीला मैत्रिणीला सांगायचं काम दिलं. तिने पहिला प्रश्न मलाच टाकला, "आई, तू का घेतला होतास?" मी आणि नवरा दोघेही गप्प. आता आम्हीच उत्तर लिहून काढतोय.

साक्ष लिहिताना मुलांना नेमकं काय विचारता ते कुणी सांगेल का? मोठ्याच्या वेळी त्याने इंटरनेटवरून उचललं होतं असा मला दाट संशय आहे.

निळी छत्री

:-) उचलतात. म्हणून कागद देतच नाही, आधी बोलायला लावते. तुझ्या आयुष्यात देवाबद्दल तुला पहिल्यांदा कुणी सांगितलं? कुठल्या गोष्टीवर अजून विश्वास बसत नाही? बाप्तिस्म्यानंतर घरात कुणाशी वेगळं वागावं लागेल? याच्या उत्तरांवरून साक्ष आपोआप उभी राहते, आणि दोन मिनिटांत संपते.

काठावरचा

माझ्याकडून चौथा. 'आत्ता नको म्हणालास, तर कोण नाराज होईल?' कुणाचंही नाव निघालं तर तारीख पुढे ढकला.

निळी छत्री

घेतला. आणि त्या नावात मी असले, तर वर्ग दुसऱ्या कुणाकडे द्यायचा.